फरक कितीचा?

सत्तरी ओलांडलेला गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेला आहे की नाही, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. एटीएममधून आलेल्या नोटा तो तिथेच उभा राहून मोजतो. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा गड्डी उलटी करून. मागे उभी असलेली मुलं चुळबुळतात, कुणी घसा खाकरतं, पण त्याच्या बोटांची लय बिघडत नाही. यंत्र बरोबर मोजतं हे त्याला माहीत नसतं असं नाही. पण न मोजता खिशात घातलेले पैसे त्याला आपले वाटत नाहीत. आता तर मोजायलाही काही उरलेलं नाही. भाजीवाल्यासमोर फोन धरायचा, आकडा टाकायचा, पैसे गेले. किती होते ते आठवत नाही, त्यातली एक नोट फाटकी होती का ते कळत नाही.

आम्ही म्हणजे सत्तरच्या दशकात बँकेत चिकटलेली माणसं. १९ जुलै १९६९ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या काही वर्षांत शाखा इतक्या भराभर निघाल्या की बऱ्या अक्षराच्या आणि बेरीज न चुकणाऱ्या पदवीधराला कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे खुर्ची मिळायची. गिरगावात काय, सदाशिव पेठेत काय, 'मुलगा बँकेत आहे' एवढं कानावर आलं की मुलीचे वडील पत्रिकेतल्या मंगळाकडे जरा काणाडोळा करायचे. मुलीही बँकेत लागल्या. डब्यातली भाजी आणि लोकलची वेळ यांच्या मध्ये त्यांनी जो पगार कमावला, त्यावर कितीतरी घरांत पहिला फ्रिज आला.

त्या वेळची बँक म्हणजे लाकडी काउंटर, पितळी जाळी आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळ्या जाती. खातेदार चेक द्यायचा, त्याला नंबर कोरलेलं पितळी टोकन मिळायचं आणि चेक आपल्या प्रवासाला निघायचा. काउंटरवरचा क्लार्क दोन्ही हातांनी लेजर ओढून पान काढायचा, शिल्लक बघायचा, नोंद करायचा. मग शिपाई तो चेक अधिकाऱ्याच्या टेबलावर न्यायचा. अधिकारी सहीचं कार्ड काढून सही ताडून बघायचा, चष्मा वर करून, चष्मा खाली करून. मग चेक रोखपालाकडे. रोखपालाच्या पिंजऱ्यातून नंबर पुकारला जायचा तोवर अर्धा-पाऊण तास सहज गेलेला असायचा. सुतळीला बांधलेलं पेन, बुडाशी सुकलेली डिंकाची बाटली, भिंतीवर अल्पबचतीचं पोस्टर. बाकावर बसलेली माणसं तेवढ्या वेळात एकमेकांच्या मुलीची सोयरीक जमवायची, भाडेकरूचा दावा सांगायची, पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवायची.

आज त्याच शाखेत काच आहे, गारवा आहे, सोफा आहे आणि सोफ्यावर कुणी नाही. पासबुक भरायचं तर भिंतीजवळच्या यंत्राच्या तोंडात ते आपणच घालायचं; ते करकर करतं आणि छापून परत देतं. पैसे काढायला कुणी येत नाही, भरायलाही फारसं कुणी येत नाही. आले तर विमा आणि म्युच्युअल फंड ऐकवले जातात. आम्हाला वाईट वाटतं. ते वाटत असतानाच आठवतं की तो अर्धा-पाऊण तास बाकावर बसणाऱ्या माणसाचा होता, आमचा नव्हता. आम्ही जाळीच्या आत होतो. बाकावरच्या गप्पा आज आम्हाला गोड वाटतात, कारण आम्हाला तिथे बसावं लागत नव्हतं.

हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. जुनी बँक चांगली होती असं आम्ही लग्नकार्यात आणि श्रद्धांजली सभेत सांगतो, पण ती कुणासाठी चांगली होती? खातं उघडायला आधीच्या खातेदाराची ओळख लागायची. ज्याच्या वस्तीत कुणाचंच खातं नाही त्याने ओळख आणायची कुठून? धुणंभांडी करणाऱ्या बाईला बँकेत 'काय पाहिजे?' विचारलं जायचं ते आवाज चढवून. स्लिपा इंग्रजीत, पाट्या इंग्रजीत. बाई भांबावून कुणा अनोळखी माणसाला म्हणायची, 'दादा, एवढं भरून द्या ना.' म्हणजे तिच्या खात्यात किती आहेत हे आधी त्या दादाला कळायचं. बाहेरगावचा चेक वटायला दोन-तीन आठवडे लागले तर ते कुणाला विशेष वाटत नसे. आणि बचत खात्यावरचं व्याज? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. अकरा तारखेला पगार भरला तर त्या महिन्याचं व्याज त्या पगाराला नाही. वीस तारखेला काढून पंचवीसला परत भरले तरी गेलं. हा नियम बदलून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं ते १ एप्रिल २०१० पासून. संगणक आला म्हणूनच ते शक्य झालं. लाखो खात्यांची रोजची शिल्लक हाताने काढून तिच्यावर व्याज आकारायचं तर आम्ही अजूनही १९७८ सालचंच काढत बसलो असतो.

असं सगळं कबूल करूनही एक गोष्ट आम्हाला कुणी सोडायला सांगू नये. ती म्हणजे बॅलन्सिंगची संध्याकाळ.

व्यवहाराची वेळ संपली, दरवाजे अर्धे ओढले की खरी बँक सुरू व्हायची. प्रत्येक लेजरमधल्या प्रत्येक खात्याची शिल्लक बॅलन्स बुकात उतरवायची, पानापानाची बेरीज करायची, बेरजांची बेरीज करायची आणि आलेला आकडा जनरल लेजरच्या आकड्याशी लावून बघायचा. तो लागत नसे. पहिल्या फटक्यात लागला तर लोक आनंदी होण्याऐवजी संशयाने बघायचे. मग हॉलच्या त्या टोकावरून प्रश्न यायचा, 'फरक कितीचा?' त्या एका आकड्यावर अनुभवी माणूस निदान करायचा. फरक नऊने निःशेष भागला जातोय का? मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल आहे. त्रेसष्टचे छत्तीस झाले असतील, सत्तावीसचा फरक. भागला जात नाही? मग फरकाचा निम्मा आकडा शोधा. तेवढ्याच रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली असणार. तेही नाही? मग एखादं पानच सुटलंय. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ बाई होत्या. त्या लेजर उघडायच्याच नाहीत. फरक ऐकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, 'बारा नंबरचं बघा, गुरुवारी त्या टेबलावर बदली माणूस होता.' दहापैकी सात वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या तीन वेळांची कुणी आठवण काढत नसे.

दहा पैशांच्या फरकासाठी सहा पदवीधर रात्री साडेआठपर्यंत बसायचे. तेवढ्यात त्यांनी प्यायलेल्या चहाचे पाच रुपये व्हायचे. दहा पैसे खिशातून टाकून घरी जावं असं कुणाच्याही मनात यायचं, पण तसं करता येत नसे, कारण फरक दहा पैशांचा दिसला तरी त्याच्या पोटात एक हजाराची जमा आणि नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्वद पैशांची खर्ची दडलेली असू शकते. आणि मग कुणीतरी ओरडायचं, 'सापडला!' सगळा हॉल उभा. ज्याच्या अक्षराने घात केला त्याच्या नावाने यथेच्छ शंख, त्याच्याच पैशांनी वडे. वर्षअखेरीला तर हा सोहळा रात्रभर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं, मार्चला नव्हे. एकतीस डिसेंबरला सगळं शहर नाचत असताना आम्ही व्याजाच्या बेरजा करत असायचो. मुंबईच्या फोर्टात ज्यांची शाखा होती त्यांना नवं वर्ष लागल्याचं कळायचं ते बंदरातल्या जहाजांच्या भोंग्यांनी. कुणीतरी मान वर करून म्हणायचं, 'हॅपी न्यू इयर. तुझा फरक कितीचा?'

आता शिल्लक जुळवावी लागत नाही, कारण ती बिघडत नाही. नोंद एकदाच होते आणि जिथे जिथे जायची तिथे आपोआप जाते. दिवसअखेरीचं काम दूर कुठल्या शहरातलं यंत्र माणसाला न विचारता उरकतं. नव्या मुलांना आम्ही नऊने भागायची युक्ती सांगतो तेव्हा ती ऐकून घेतात. त्यांच्या चेहऱ्यावर आदर असतो. आजोबांनी विहिरीत मुटका कसा मारायचा हे सांगावं तेव्हा नातवाच्या चेहऱ्यावर असतो तसा. विहीर बुजवून तिथे पार्किंग झालेलं असतं.

बदल का जड जातो, याची उत्तरं पुस्तकांत पुष्कळ आहेत. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की हाती आलेल्यापेक्षा हातून गेलेलं माणसाला जास्त लागतं. पुढच्या मोजमापांत ते साधारण दुप्पट निघालं. यातल्या काहनेमन यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आम्हाला ते वाचून नवल वाटलं नाही. ज्याने काउंटरवर आयुष्य काढलंय त्याला ठाऊक असतं की पासबुकात जमेचे हजार रुपये आले तर खातेदार मान हलवतो, पण नावे पाच रुपये टाकले तर मॅनेजरला भेटायला येतो. तरीही एवढ्याने आमचं कोडं सुटत नाही. कारण यंत्राला आमचा विरोध नव्हता. फॅसिट नावाचं हँडल फिरवायचं गणनयंत्र आमच्यापैकी कितीकांनी आपल्या बाळासारखं जपलं. धूळ बसू नये म्हणून घरून फडकं आणलं. त्याचं हँडल आम्ही फिरवायचो म्हणून ते आमचं होतं. ज्या यंत्राला हँडल नव्हतं त्याच्याशी आमचं भांडण झालं.

ते भांडण जोरात झालं. १९८३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी समिती बसली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. कुठे आणि किती यंत्रं बसवायची याला मर्यादा घालून. त्याच्या आधीही आणि नंतरही आम्ही काळ्या फिती लावल्या, दुपारच्या सुट्टीत द्वारसभा घेतल्या, घोषणा दिल्या. आज नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. संगणकाच्या विरोधात मोर्चा? पण त्या दिवसांत मुंबईत राहणाऱ्या माणसाला ते हसण्यासारखं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आमच्यापैकी अनेकांचे वडील, काका, थोरले भाऊ त्या गिरण्यांत होते. चाळीतल्या एकाच खोलीत एक भाऊ बँकेतून घरी यायचा आणि दुसरा भाऊ घरीच असायचा. भोंगा बंद पडल्यावर घराचं काय होतं हे ज्याने जेवणाच्या ताटावर बघितलंय, त्याला 'नव्या तंत्रज्ञानाचं स्वागत करा' हे परिपत्रक कसं लागू पडणार?

आता मागे वळून बघताना वाटतं, आमची भीती चुकीच्या पत्त्यावर पोचली होती. यंत्रामुळे आमच्यापैकी कुणाला घरी बसवलं गेलं नाही. पगारवाढ झाली, बढत्या झाल्या, पेन्शनही मिळालं. मात्र नव्वदच्या दशकात भरती आटत गेली आणि २०००-२००१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा सरकारी बँकांतले सुमारे लाखभर लोक पैसे घेऊन बाहेर पडले. आमचे कितीतरी मित्र त्यांत होते. त्यांच्या खुर्च्या मागे राहिल्या आणि त्या भरल्या गेल्या नाहीत. आमच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. आमच्या मुलांना ज्या मिळाल्या असत्या त्या गेल्या. आम्ही काळ्या फिती लावल्या त्या स्वतःसाठी, आणि ज्यांच्यासाठी लावायला हव्या होत्या ते तेव्हा बालवाडीत होते. तीच मुलं पुढे संगणक शिकून बाहेर देशी गेली, हा भाग वेगळा. त्यांतल्या काहींनी बँकांचीच सॉफ्टवेअर लिहिली.

प्रत्यक्ष संगणक शाखेत आला तो दिवस मात्र विनोदी होता. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, त्या खोलीत एसी बसवला. वीस वर्षं आम्ही उकाड्यात घामाचे थेंब लेजरवर पडू न देण्याची कसरत केली, कुणाला एसी सुचला नाही. यंत्राला लगेच मिळाला. खोलीबाहेर पाटी लागली: चपला बाहेर काढा. नारळ फुटला, पडद्याला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. ज्या पुढाऱ्याने आदल्या वर्षी द्वारसभा गाजवली होती त्यानेही चपला काढल्या आणि पेढा घेतला. त्यानंतर मे महिन्यात ज्याला त्याला काहीतरी विचारायला त्या खोलीतच जायचं असे.

मग सुरू झाला पॅरलल रन, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट होती ती हीच. जुन्या लेजरात नोंद करायचीच, ती संगणकातही करायची, आणि रोज संध्याकाळी दोघांची शिल्लक एकमेकांशी लावून बघायची. काम दुप्पट झालं. शिव्याही दुप्पट झाल्या. पण त्या महिन्यांत काहीतरी घडत गेलं. सुरुवातीला आम्ही लेजर खरं मानून संगणक तपासत होतो. काही आठवड्यांनी कधी कोण जाणे संगणक खरा मानून लेजर तपासू लागलो. कुणी भाषण दिलं नाही, कुणी आमचं मन वळवलं नाही. दोन्ही वह्या शेजारी उघड्या होत्या आणि हात आपोआप एकीवरून दुसरीवर गेला. ज्या दिवशी लेजर कायमचं मिटायचं ठरलं त्या दिवशी दफ्तरीने ते दाभणाने शिवून, कापडात बांधून रेकॉर्ड रूममध्ये ठेवलं. दोघी-तिघी जणी बघायला गेल्या. पुरुष मंडळी कामात असल्याचं भासवत राहिली.

देशानेही एकदा असं केलं होतं. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले तेव्हा जुनी नाणी एका रात्रीत मोडीत काढली नव्हती. आणे आणि पैसे काही वर्षं एकाच खिशात खुळखुळले. वाण्याने आण्यात भाव सांगायचा, गिऱ्हाइकाने पैशात मोजायचे, मधला हिशेब दोघांनी भांडून मिटवायचा. आमच्या आया त्या भांडणांतून दशमान पद्धत शिकल्या. याच्या उलट उदाहरण आठ नोव्हेंबर २०१६चं. रात्री आठला घोषणा, मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बाद. मध्ये चार तास. त्या योजनेचं बरंवाईट अर्थतज्ज्ञ सांगतील. आम्ही तेव्हा रांगेत होतो. जन्मभर जाळीच्या आतून बघितलेली बँक आम्ही पहिल्यांदा बाहेरून बघितली, पायाला कळ येईपर्यंत. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला आतला मुलगा जेवायलाही उठला नव्हता हे कळत नव्हतं, आणि आतल्या मुलाला बाहेरच्याचे पाय दिसत नव्हते. आम्हाला दोन्ही दिसत होतं, आणि दोघांच्याही उपयोगाचे आम्ही नव्हतो.

आता पॅरलल रन कुणी ठेवत नाही. सकाळी उठावं तर फोनमधल्या बँकेचं रूप बदललेलं असतं. काल जे बटण डावीकडे होतं ते आज तीन आडव्या रेघांच्या पोटात गेलेलं असतं. पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि मागचे तीन चालणार नाहीत. आम्ही तो वहीत लिहून ठेवतो. वहीत लिहू नका असं मुलगी अमेरिकेहून सांगते. मग आम्ही वही कपाटात ठेवतो आणि किल्ली कुठे ठेवली ते दुसऱ्या वहीत लिहितो. हसण्यावारी न्यायची एवढीच गोष्ट असती तर बरं होतं. आमच्यातल्याच माणसांना, ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघितल्या त्यांना, 'पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे' असा व्हिडिओ कॉल येतो आणि दोन दिवसांत मुदत ठेवी मोडून घेतल्या जातात. जुन्या बँकेत ते कठीण होतं, कारण तिथे काउंटरवर एक भोचक माणूस असायचा. म्हाताऱ्याने ठेव मोडायचा अर्ज दिला की तो विचारायचा, 'काका, एवढी रक्कम एकदम? मुलाला विचारलंत का?' खातेदार चिडायचा, 'माझे पैसे आहेत, तुला काय करायचंय?' तो बोचरा प्रश्न म्हणजे सेवेतली त्रुटी असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं गेलं. ती त्रुटी दूर झाली, आणि तो प्रश्न विचारणारं आता कुणी नाही.

आणि तरीही. गल्लीच्या तोंडाशी पालेभाजी विकणारी बाई. तिच्या आईला बँकेची पायरी चढायला ओळख लागली असती आणि स्लिप भरून द्यायला कुणीतरी दादा लागला असता. २०१६ साली यूपीआय आलं. आता तिच्या टोपलीशेजारच्या छोट्या डब्यातून मराठीत आवाज येतो की चाळीस रुपये मिळाले. आमची राष्ट्रीयीकृत बँक तिच्याशी मराठीत बोलायला तयार नव्हती, हा डबा बोलतो. तिने मान वरही केली नाही, हाताने मेथीची जुडी पुढे सरकवली. इतक्या वर्षांच्या आमच्या तक्रारींना एवढं उत्तर पुष्कळ आहे, असं त्या क्षणी वाटतं. मग घरी येऊन आम्ही पुन्हा हळहळतो. खरं बोलायचं तर ती हळहळ बँकेबद्दल नसते. हजार खातेदारांच्या सह्या आम्हाला तोंडपाठ होत्या. कुणाचा 'र' कसा वळतो हे ठाऊक असलेला माणूस शहराला लागत होता. ते कौशल्य कुणी हिरावून घेतलं नाही. ते आमच्याकडे आजही तसंच आहे, फक्त त्याला गिऱ्हाईक नाही.

वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आम्ही सगळे शाखेत जमतो. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो फोनवरूनही देता येतो, २०१४ पासून. आधी बोटाचा ठसा लागायचा, आता कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळे मिचकावले तरी भागतं. ठसे काही आमच्यातल्या अनेकांचे उमटत नाहीत. वयामुळे रेषा पुसट होतात असं डॉक्टर म्हणतात. जुने रोखपाल म्हणतात की त्या नोटांवर गेल्या. डोळे मिचकावणं मात्र जमतं. मुलांनी शिकवलंय, घरी सराव झालाय. तरी जायचं शाखेतच, कारण चेहऱ्याचा दाखला फोनला दिल्यावर फोन 'बसा, चहा घेता का' म्हणत नाही. अर्थात आता शाखेतही कुणी म्हणत नाही. चहा आम्ही नंतर समोरच्या हॉटेलात घेतो.

काउंटरवर पंचविशीची मुलगी असते. तिची भाषा निम्मी मराठी, निम्मी हिंदी, आणि वागणं आमच्या त्या वयातल्या वागण्यापेक्षा कितीतरी नम्र. मागच्या नोव्हेंबरात तिने आमच्या त्या द्वारसभा गाजवणाऱ्या मित्राला विचारलं, 'काका, तुमच्या वेळी कॉम्प्युटरच्या विरोधात खरंच आंदोलन झालं होतं? आमच्याकडे आता चॅटबॉट आणतायत. आम्ही काय करायचं?' तो खुलला. खांद्यावरची पिशवी त्याने काउंटरवर ठेवली, दोन्ही कोपर टेकले आणि १९८३च्या करारापासून सुरुवात केली: कोण बोललं, कोण फुटलं, कुठल्या कलमात काय मिळालं. मुलगी खरोखर ऐकत होती. तिने माउसवरचा हात काढून घेतला होता. तो १९८७ पर्यंत आला तेव्हा मागून एक खणखणीत आवाज आला, 'अहो नेते, तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध झालं, आता पुढे सरका! आम्हाला पण व्हायचंय!' ओरडणारे गृहस्थ आमच्याच शाखेचे निवृत्त रोखपाल होते. रांगेत चौथे.